भासऱ्याचा पक्का कोठा

रामराव. घ्या, घेतलं नाव.

लग्न होऊन त्या घरात गेली तवापासून हे नाव माह्या तोंडातून निघालं नव्हतं. रामराव माहा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. भासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्यासंगं बोलायचं नाही, त्याच्यापुढं तोंड उघडं ठेवायचं नाही. हातातून हातात वस्तू त द्यायची-घ्यायचीच नाही. द्यायची झाली त खाली ठेवायची, बाजूले व्हायचं, मंग त्यानं उचलायची. त्यानं काही द्यायचं असलं तरी तसंच. आमच्या वणीकडं तवा सगळ्याच घरी असं होतं, त्याचं मले काही वाटत नव्हतं. बाकीच्या घरचे भासरे निदान अकलेचे तरी होते.

रामरावाले आपण भल्ले मोठे हाओ असं वाटे. वावर होतं चांगलं, ते काही त्यानं कमावलं नव्हतं, सासऱ्यानं कमावलं होतं. हा निरा ओसरीवर बसे, सुपारी कातरे अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले शहाणपण शिकवे. वणीच्या बाजारात जायचं त उन्हाळ्यातबी कोट घालून जाये. घामानं थबथबून घरी येये, पन कोट काढे तो घरी आल्यावरच. अशा माणसापुढं मान खाली घालून मी कितीक वरसं भाकरी वाढली. ताट खाली ठेवायचं अन् दाराआड व्हायचं.

मराठी राज्य झालं त्याच्या पुढल्या साली यानं वर्धा नदीच्या काठची जमीन इकत घेतली. गावापासून चिलीम वढून होईस्तोवर पोचते, इतकीच दूर. एका बाजूनं नदी, दुसऱ्या बाजूनं नाला, मधात हे वावर. माती काळी, लोण्यावानी. पहिला मालक तठी पूर ओसरल्यावर गहू-हरबरा पेरे, पऱ्हाट्याचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यायचा, एक मांडव उभा करे, अन् पीक निघालं की मांडव मोडून घरी नेये. उभ्या जन्मात त्यानं तठी पक्का खुंटा ठोकला नाही. रामरावाले वाटलं, तो चिकट होता म्हून.

यानं ठरवलं तठी ढोरायचा कोठा बांधायचा. साधासुधा नाही, दगडाचा. बाजूच्या गावच्या देशमुखाचा वावरात टिनाचा कोठा होता न, मंग याले त्याच्याहून मोठा पाह्यजे! राजूरचा चुना आणला, पांढरकवड्याकडून सागाची लाकडं आणली, वणीचा रहेमान मिस्त्री बोलावला. मिस्त्री हाताचा पक्का माणूस. त्याची भिंत आजबी उभी हाय, जाऊन पाहा.

आता माहं ऐका. माहं माहेर वर्धेच्या काठचं, चार कोस वरतं. आमच्या घरी दर साली पाणी येये. आम्ही पोट्टे-पोट्टी पुराच्या पाण्यात पोहाले शिकलो. त्या पाण्याची चाल आम्हाले कोणी शिकवा लागत नाही. नदी भरली की नाल्याचं पाणी तिच्यात शिरत नाही. नाला थोपते, जरा वेळ उभाच रायते, अन् मंग उलटा वाहाले लागते. लोकायले वाटते पूर नदीकडून येईन. पूर येते मागून, नाल्याकडून, गुपचूप. आवाजसुदा होत नाही.

अन् या दीडशहाण्यानं काय केलं? नदीच्या बाजूनं हातभर जाडीची भिंत घातली, "आता येऊ दे नदीले" म्हणे. अन् दार ठेवलं नाल्याकडं! काहून? त विचारा काहून. नाल्याच्या काठानं बैलबंडीचा रस्ता जाते. जाणाऱ्या-येणाऱ्याले रामरावाचं सागाचं दार दिसलं पाह्यजे, त्याच्यावरचे पितळी खिळे दिसले पाह्यजे. त्याच्यासाठी.

मले समजलं तवा मी अंगणात माह्या म्हशीचं दूध काढत होती. चंद्री तिचं नाव. ती माही होती, घरची नाही. माह्या बापानं आंदण दिलती. ती वगार होती तवापासून माह्या हाताखाली वाढली. त्या घरात भांडं-कुंडं, गाय-बैल, सगळ्यावर भासऱ्याची मालकी, नवऱ्यावरबी भासऱ्याचीच मालकी. माहं म्हणाव असं एकच होतं, चंद्री. दुसऱ्या कोणाले दूध काढू देत नव्हती. मी माहेरी गेली की आटून जाये, अन् मी आली की माहं तोंड चाटे.

भासरा ओसरीवर बसला होता. त्याच्यासंगं बोलता त येत नव्हतं. अशा वक्ती आम्ही बाया काय करो, भिंतीले सांगो, खांबाले सांगो, ज्याले ऐकू जायचं त्याले जाये. म्या म्हशीच्या आचळाकडं पाहूनच म्हणलं, "काय वं चंद्रे, तुह्या नव्या घराचं दार नाल्याकडं करून राह्यले म्हणते. नाल्याकडूनच त पाणी येते वं बाई. पावसाळ्यात तठी राहाले गेलीस त नाकातोंडात पाणी जाईन. दार गावाकडून पाह्यजे होतं, अन् खरं म्हणशीन त कोठाच तठी नाही पाह्यजे."

भासऱ्याची सुपारी थांबली. सगळं ऐकलं त्यानं. मंग घरात माही जाऊ होती, त्याची बायको विमलबाई, तिले हाक मारून म्हणते, "अवं, त्या म्हशीले सांग, घर बांधनं माणसायचं काम हाय. ढोरायनं त्याच्यात तोंड घालू नये." अन् दात काढून हासला. ओसरीवरचे दोघं-तिघं चहा पिणारे होते, तेबी हासले. चहा माह्याच म्हशीच्या दुधाचा होता.

मी काही एकदा सांगून गप्प बसली नाही. मी खांबाले सांगतलं, जात्याले सांगतलं, तुळशीले सांगतलं. विमलबाईच्या मार्फत सरळ निरोप धाडला, "म्हणाव, माहेरी म्या डोळ्यानं पाह्यलं हाय." विमलबाई बिचारी इकडून तिकडं निरोप नेये. त्याचं उत्तर येये, "तिच्या माहेरचे लोक चिखलात रायते म्हून आम्हीबी राहाव का?" रहेमान मिस्त्रीनंही एकदा म्हणलं म्हणते, "पाटील, दरवाजा गाव की तरफ ठेवला त कसं राहीन?" त्याले म्हणे, "तुले भिंतीचे पैसे देतो, अकलेचे नाही." मिस्त्री काहून डोकं खपवते? त्यानं दार सांगतलं तठी बसवलं.

अन् माहा नवरा! त्याची काय गोष्ट सांगाव. त्याच्या आगोदरचे भाऊबहीण जगले नाही म्हून त्याले जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं अन् उकंडा नाव ठेवलं. मले वाटते उकिरड्यावरून उचलताना पाठीचा कणा तठीच राह्यला. मी त्याले रोज म्हणो, "तुमचा भाऊ हाय, तुम्ही त बोलू शकता न त्याच्यासंगं. तुम्हाले कोणी तोंड बांधलं?" त्याचं एकच, "दादानं विचार केला असन." अवो, दादानं विचार केला असता त मी कायले बोलली असती!

कोठा झाला. वास्तू घातली, बाप्पा! ढोरायच्या कोठ्याची वास्तू. गूळ-खोबरं वाटलं. साऱ्या गावाले बोलावून दार उघडून दाखवलं, झाकून दाखवलं. दाराले नागपूरचं कुलूप लावलं अन् चाबी आपल्या करदोड्याले बांधली. आंघोळीलेबी सोडत नव्हता. सकाळी दूध काढायच्या वक्ती माहा नवरा त्याच्यापुढं जाऊन उभा राहाये, तवा तो चाबी सोडून देये, अन् ढोरं रानात गेले की परत घेये. घरच्या लोकायचाच भरोसा नाही, चोराची गोष्ट दूरच.

उन्हाळाभर मले काही बोलायचं नव्हतं. उन्हाळ्यात तठी हत्ती बांधा. पन आषाढ लागला तसं म्या विमलबाईले म्हणलं, "बाई, बाकीचे ढोरं तुमचे हाय, तुम्ही पाहा. माही चंद्री चार महिने घरच्या अंगणात राहू द्या. तिचा चारा मी डोक्यावर आणतो."

निरोप गेला. उत्तर आलं, "या घरात तुहं-माहं चालत नाही. सगळे ढोरं एका ठिकाणी राहीन."

अन् दुसऱ्या दिवशी चंद्रीचं दावं सोडून तिले तिकडं कोणी नेलं? माह्या नवऱ्यानं. ती फाटकापाशी अडली, मागं पाहून रेकली. यानं तिच्या पाठीवर काठी हाणली. माह्यासाठी त्यानं त्याच्या भावापुढं कधी तोंड उघडलं नाही, पन काठी बराबर उचलली. त्या दिवशी म्या त्याले जेवाले वाढलं नाही, विमलबाईनं वाढलं.

श्रावणातली गोष्ट. दोन-तीन दिवस आमच्याकडं पाऊस नव्हता. सकाळी असं कोवळं ऊन पडलं होतं की बाया उंबऱ्यात बसून केस वाळवत होत्या. पाऊस वरतं झाला होता, तिकडं वरल्या अंगाले, आमच्या डोळ्याआड. माहा नवरा उजाडायच्या आत बंडी जुपून वणीच्या बाजारात गेला, बैल त्याच्यासंगंच, ते घरीच बांधलेले रायचे. विमलबाई लेकीच्या बाळंतपणाले पांढरकवड्याले गेलती. घरी मी अन् ओसरीवर तो.

नवरा नाही म्हून त्या दिवशी चाबी भासऱ्यापाशीच होती. मी चरवी घेऊन वावरात पोचली अन् दारापाशी त्याची वाट पाहत बसली. तो येईन, कुलूप उघडन, दूर जाऊन उभा राहीन, मंग मी आत जाईन, अशी रीत. आतून चंद्रीनं मले ओळखलं अन् रेकली. मी भिंतीच्या झरोक्याले तोंड लावून म्हणलं, "आली वं माय, आली. तुह्या मालकाची दाढी होऊ दे."

सहज नाल्याकडं पाह्यलं. नाल्याच्या पाण्यावर एक वाळलं पान होतं. ते नदीकडं जाऊन नव्हतं राह्यलं. उभं होतं. मी उठली अन् काठावर गेली. पाण्यात फेस होता, काडीकचरा होता, सगळं जागच्या जागी गोल फिरून राह्यलं होतं. अन् माह्या डोळ्यादेखत ते पान हळूच वरतं सरकलं, नदीकडून गावाकडं. चरवी तठीच टाकली अन् मी पळाली.

भासरा ओसरीवर. समोर न्हावी बसलेला. रामरावाच्या अर्ध्या तोंडाले साबण, अर्धी दाढी झालेली. बाजूले चार रिकामटेकडे. मी अंगणात उभी राह्यली, धापा टाकत, पदर ओढला, अन् रीतीप्रमाणं खांबाले म्हणलं, "नाला उलटा वाहून राह्यला! कोठ्यात पाणी शिरते! चाबी पाह्यजे!"

रामरावानं मान वर करून आभाळाकडं पाह्यलं. न्हाव्याले म्हणते, "ढग दिसते का रे तुले?"

न्हावी म्हणते, "नाही जी."

"मंग पाणी कुठून येते? अन् आलंच त नदीकडून येईन. नदीकडं आपली भिंत हाय. चालव तुहा वस्तरा."

अवो, माही म्हैस तठी बांधलेली अन् हा दाढी करून घेते! माहं डोकं फिरलं. म्या डोक्यावरचा पदर मागं टाकला. त्याच्या समोर जाऊन उभी राह्यली, त्याच्या डोळ्यात पाह्यलं, अन् साऱ्यादेखत म्हणलं, "भासरेबुवा, मी तुमच्यासंगं बोलून राह्यली, खांबासंगं नाही. चाबी द्या."

काय सांगू तुम्हाले! ते चौघं असे उठले, जसा अंगणात साप निघाला. एकानं कानाले हात लावला. अन् रामराव? त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. साबण लागलेलं थोबाड घेऊन भिंतीकडं पाहत बसला, अन् भिंतीलेच म्हणते, "कोणी इले घरात न्या रे. इच्या अंगात आलं." वस्तरा लागून गालातून रगत वाहत होतं, ते पुसायचीसुदा शुद्ध नव्हती त्याले. मर्यादा मोडली न त्याची!

चाबी त्याच्या करदोड्याले, धोतराच्या आत. मी काय हात घालून काढणार होती? म्या म्हणलं, "मी जातो माह्या म्हशीपाशी. तुम्ही बसा भिंत पाहत." अन् परत पळाली.

नंतर मले न्हाव्यानंच सांगतलं. मी गेल्यावर यानं उरलेली दाढी करून घेतली, तोंड धुतलं. मंग साऱ्या गावचे ढोरं चारनारा गुलाबसिंग तांड्याकडून पळत आला अन् म्हणते, "पाटील, नाला उलटा फिरला, कोठ्याले पाणी लागलं." बस. तेच बोलणं. माह्याहून एक शब्द जास्त नाही. रामराव ताडकन उठला अन् म्हणते, "अरे, मंग आधी काहून नाही सांगतलं?" गुलाबसिंग तसाच रानातल्या ढोरायकडं पळाला, अन् हा त्या चौघायले घेऊन वावराकडं निघाला.

मी पोचली तवा दारापाशी कमरेइतकं पाणी होतं. जमीन नाल्याकडं उतरती, दार त्याच उतारावर. नदीकडची जाड भिंत कोरडी होती, तिच्याकडं थेंब गेला नव्हता. आत ढोरं हंबरून राह्यलते. म्या कुलपाले दगड घातला, पन ते नागपूरचं कुलूप! दाराले खांदा लावला, पन ते पांढरकवड्याचं सागवान! चंद्रीले आखूड दावं होतं. मान वर करूनबी तिले किती वर करता येणार? मी झरोक्यातून हाका मारत होती अन् ती ओ देत होती.

तेवढ्यात रामराव आला. त्याच्यासंगचे चौघं धुऱ्यावर, वावराच्या बांधावरच थांबले, धोतर ओलं होते म्हून का भेवानं, त्यायचं त्यायले माहीत. हा पाण्यात उतरला, तेवढं खरं हाय. मांडीइतक्या पाण्यात आला. तठी ढोरायले पाणी पाजायची दगडी डोण होती, तिची कड पाण्याच्या वर बोटभर दिसत होती. तिले धरून उभा राह्यला. पुढं पाय टाकाले त्याची हिंमत नव्हती, पोहता कुठी येत होतं त्याले! चाबी त्याच्या हातात होती.

मी दाराकडून त्याच्याकडं आली. पाणी तोडत आली. एक हाताचं अंतर राह्यलं. म्या हात पुढं केला, "द्या!"

त्यानं माह्या हाताकडं पाह्यलं. मंग इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. मागं धुऱ्याकडं पाह्यलं, तठी ते चौघं पाहून राह्यलते. मले आधी समजलंच नाही तो काय धुंडून राह्यला. मंग समजलं. तो जागा धुंडून राह्यलता. चाबी ठेवाले जागा! चारी बाजूले पाणी, आत जनावर मरून राह्यलं, अन् हा माणूस भावाच्या बायकोच्या हातात चाबी कशी देऊ म्हून कोरडी जागा धुंडून राह्यलता!

"हातात द्या!" मी वरडली. "हातात द्या हो, तुमच्या पाया पडतो!"

त्यानं चाबी डोणीच्या ओल्या कडेवर ठेवली, हात मागं घेतला, अन् रीतीप्रमाणं तोंड फिरवलं.

मी झेपावली. माह्याच झेपावण्यानं म्हणा का नाल्याच्या लोटानं म्हणा, एक लाट त्या कडेवरून गेली. चाबी नव्हती. मी डुबी मारली, चिखलात हात घातले, परत मारली, परत मारली. गाळ हाताले लागे, दगड लागे, चाबी लागत नव्हती. वर येऊन पाह्यलं त रामराव धुऱ्यावर जाऊन उभा होता अन् कोणाले तरी म्हणत होता, "अरे, पहार आणा रे गावातून!"

पहार आली तवा दारापाशी माह्या गळ्याइतकं पाणी होतं अन् आतून आवाज थांबला होता. पोहणारे दोघं होते, त्यायनं बिजागऱ्या तोडल्या. एक गोऱ्हा तेवढा वाचला, तो बांधलेला नव्हता, गव्हाणीवर चढून उभा होता. बाकी सगळे गेले. चंद्री दाव्याले ताणून वर आलती, मान दाराकडं. म्या तिचं दावं कापलं अन् तिच्या मानेले धरून लय वेळ तठी पाण्यात राह्यली. मले ओढून काढा लागलं. माहं पोटचं पोट्टं गेलं असतं तरी मी इतकी रडली नसती. कोणाले वाईट वाटन त वाटू द्या.

संध्याकाळी नवरा बाजारातून आला. सगळं ऐकलं. मले वाटलं, आता त बोलन, बावा. म्हणते कसा, "पन दादानं चाबी नेलती न?"

मंग जातीचे पंच बसले. ढोरं मेले म्हून नाही, मी भासऱ्यासंगं उघड्या तोंडानं बोलली म्हून! आमच्याच अंगणात सतरंजी टाकून बसले, आमचाच चहा पिऊन. रामराव कोट घालून आलता. पंचायनं विचारलं, काय झालं. तर तो काय म्हणते, ऐका. म्हणते, "चाबी म्या ठेवली होती. तिनं उचलली नाही."

अन् पंचायनं माना हलवल्या! एकूणएक. ते धुऱ्यावरचे चौघं साक्षीले होते, तेबी म्हणे, हो, ठेवली होती, आम्ही पाह्यली. म्या माह्या नवऱ्याकडं पाह्यलं. तो सतरंजीच्या कोपऱ्यावर बसून जमिनीकडं पाहत होता, अन् त्याचीही मान हलून राह्यलती.

पंचायनं निकाल दिला. बाई बोलली, त्याचा दंड म्हून उकंडानं जातीले जेवण द्याव. अन् म्हैस बाईच्या आंदणाची होती, बापाच्या घरची वस्तू बुडवता येत नाही, म्हून रामरावानं तिले म्हशीच्या बदल्यात म्हैस द्याव. दोन्ही गुन्हे त्यायले सारखेच वाटले. वाटू दे. म्या निकाल ऐकून घेतला.

पोळा झाल्यावर रामराव पांढरकवड्याच्या बाजारातून म्हैस घेऊन आला. चांगली होती, खोटं कायले बोलू. गावातले लोक पाहाले आलते, पंचायपैकी दोघं आलते, विमलबाई दारात उभी होती. मी अंगणाच्या मधात उभी, पदर खांद्यावर. डोक्यावर घेतला नाही. रामराव दाव्याले धरून आत आला अन् माह्याकडं न पाहता सरळ खुंट्याकडं वळला. खुंट्याले बांधून द्याव, मंग मी सोडून घ्याव, असा त्याचा हिशेब.

तो वाकला तसं म्या म्हणलं, "खुंट्याले नाही. हातात द्या."

विमलबाई म्हणते, "इंदू, काय करून राह्यली वं माय!" माहा नवरा म्हणते, "जाऊ दे न, बांधली काय अन् दिली काय."

"तेच त म्हणतो," मी म्हणली. "बांधली काय अन् दिली काय, मंग हातातच द्या. नाही देत त घेऊन जा परत, अन् पंच हाय अठीच, त्यायले सांगा की म्हैस दिली नाही."

पंच एकमेकाकडं पाहाले लागले. एक जण खाकरला. रामरावानं त्यायच्याकडं पाह्यलं, त्यायनं आभाळाकडं पाह्यलं. त्याच्या कोटाच्या गळ्यापाशी घाम आला होता. मी हात पुढं करून उभी होती. तसाच हात, तितकाच लांब. मले घाई नव्हती, आता कोणी बुडत नव्हतं.

लय वेळानं तो आला. डोळे मिटले, अन् दावं माह्या हातात दिलं. त्याच्या बोटाले माहं बोट लागलं. काही झालं नाही. तो तसाच उभा, मी तशीच उभी, म्हैस शेपटीनं माशा हाकलून राह्यलती. एवढ्याच्यासाठी माही चंद्री मेली होती.